टाचण्यांऐवजी गोंद

सूनबाई,

बाळासाठीची गोधडी मशीनवर पसरून ठेवली आहे, ती हलवू नकोस. पाणीही लागू देऊ नकोस, नाहीतर सगळे तुकडे सुटतील. होय, तू आणलेला तो धुतल्यावर निघून जाणारा गोंदच लावलाय. "ही शिवण आहे की शाळेतली हस्तकला?" म्हणून परवा मीच तुला हसले होते. आज टाचण्या हातातून सांडत राहिल्या, एक बोटात घुसली, तेव्हा मुकाट्याने बाटली उघडली. कडेने बारीक रेघ ओढून वर इस्त्री फिरवली. एकही तुकडा जागचा हलला नाही.

माझा हात थरथरतो, हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असणार. मी मात्र सगळा दोष डोळ्यांवर ढकलत होते. काही न विचारता तू बाटली मशीनपाशी ठेवलीस, ते बरं केलंस. विचारलं असतंस, तर मी उडवून लावलं असतं.

माझ्या धाकट्या बहिणीला सोबतीला घेऊन डॉक्टरांकडे जातेय. तुझ्या नवऱ्याला एवढ्यात कळवू नकोस, काम टाकून धावत येईल. आल्यावर मीच सांगेन. तू वेळेवर जेवून घे.

शिलाई संध्याकाळी घालू. मशीन मी चालवते, कापड तू धर.

आई