शिंगे, ब्रेक आणि पोळ्याचे आवतण

तीर्थरूप मामा,

साष्टांग दंडवत.

आज खांदमळणी, बैलांना जेवणाचे आवतण द्यायची संध्याकाळ; उद्या पोळा. साखरा गावी, आपल्याच अंगणात, गाडीची चारही चाके काढून मी ब्रश हाती घेऊन बसलो आहे. आपण गेल्यानंतरचा हा पहिला पोळा. आपली कन्या मंगल मघाशी हळद-तुपाची वाटी घेऊन उंबरठ्यावर आली. "आवतण कोण देणार आता?" एवढेच विचारून आत गेली. तीन दशके संस्कृत शिकवलेल्या आपल्या जावयाने ब्रशाच्या जागी लेखणी उचलली. म्हणून हे पत्र.

आठवते का मामा, ज्या वर्षी गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून आपण बैलजोडी विकली, त्याच वर्षी अस्मादिकांनी नांदेडहून ही दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली? जुनी, रंग विटलेली, उंचीने अत्यंत विनयशील. आपण तिला एक प्रदक्षिणा घातलीत आणि पृच्छा केलीत, "जावईबापू, ही बसून राहिली का उभी हाय?"



पण घरात चिंता निराळीच होती. मंगल मला म्हणाली, "आबा पोळ्याला गावात थांबणार न्हाई म्हणून राहिले. दावण रिकामी, रांगेत तोंड काहून दाखवू म्हणतात." जन्मभर ज्यांची जोडी तोरणाखाली उभी राहिली, त्या माणसाने पोळ्याच्या दिवशी गाव सोडायचे? तिला रडू आवरेना. मला उपाय सुचेना. मग विद्वानांची जी रीत, तीच मी अवलंबिली. समस्या बाजूला ठेवून गाडी घासायला घेतली.

आपण बाजेवर बसून माझ्या तपश्चर्येचे निरीक्षण करीत होता. पॉलिश पेपर, खड्डे बुजवायची लांबी, रंग, पुन्हा पॉलिश. आसनांना नवे काळे रेक्झीन. मी पुढचे चाक काढले आणि आपण बाजेवरून उठलात.

"हे काय?"

"ब्रेकचा कॅलिपर, मामा. चाकासंगे चकती फिरते, तिला हा दोन्ही बाजूंनी धरतो आणि गाडी थांबते."

"मंग असा गंजका काहून? चाकाच्या जाळीतून दिसून राहिला सगळा."

आपण आत गेलात आणि बैलांच्या शिंगांचा उरलेला लाल ऑइलपेंट घेऊन आलात. मी अत्यंत मोजक्या शब्दांत निवेदन केले की हा भाग फार तापतो. आपण विचारलेत, "शिंगं उन्हात तापत न्हाईत का?" सासऱ्याच्या अंगणात सासऱ्याशी वाद घालावा असे कोणत्याही स्मृतिग्रंथात लिहिलेले नाही. मी तारेच्या ब्रशाने गंज काढला, थिनरने पुसले, चकतीवर थेंबही उडू नये म्हणून वर्तमानपत्र गुंडाळले. रंग आपण दिलात.

चाचणीसाठी कनेरगाव नाक्यापर्यंत जाण्याचे ठरले. वाटेत ट्रक, गुरे आणि वळणे यांनी ब्रेकची यथासांग परीक्षा घेतली. ढाब्यापाशी थांबतो तो चाकांतून धूर, आणि वास असा की यज्ञात चप्पल पडली असावी. ढाबेवाला बादली घेऊन धावला. "ओ काका, उतरा, गाडी पेटून राहिली."

आपण उतरलात. वाकून रंगाला आलेले फोड न्याहाळलेत. चहा आल्यावर गंभीरपणे निर्णय दिलात, "बैलाची शिंगं एवढी तापत न्हाईत."

मामा, चूक मान्य करण्याची इतकी भारदस्त पद्धत मी अन्यत्र पाहिली नाही. अनेकदा अनुकरण करून पाहिले, साधत नाही.

मग हिंगोलीहून उष्णता सोसणारा, इंजिनाला लावतात तो रंग आणला. जुना सारा खरवडला. पातळ हात, वाळणे, पुन्हा पातळ हात. आपण आतली बाजूही रंगवू लागलात, तेव्हा मी म्हणालो, "तिथे कोण बघणार, मामा?" आपण ब्रश न थांबवता म्हणालात, "शिंग अर्धं रंगवलेला बैल पाहिला का तुमी कधी?"

खांदमळणीच्या संध्याकाळी आपण स्वतःच वाटी घेऊन अंगणात आलात. मला विचारलेत, "हिचा खांदा कोणता?" मी पुढचे मडगार्ड दाखवले. आपण दोन्हीकडे हळद-तूप चोळलेत आणि बॉनेटवर हात ठेवून, बैलांना सांगत होता तितक्याच आदराने म्हणालात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

एखादा विनोद करावा म्हणून मी तोंड उघडले होते. त्याऐवजी मी आपल्या हातची वाटी धरली. दारात मंगल पदराने डोळे पुसत होती. आपण गाव सोडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावाने आपल्याला रांगेत सर्वांत शेवटी जागा दिली, तीही बरीच चर्चा करून. आपले मित्र गणपतकाका ओरडले, "आबा, हिची वेसण कुठंय?"

"वेसण कशाला? ब्रेक हायत. रंगवलेले हायत. वाकून बघ."

आणि मामा, अर्धी रांग वाकली. चाकांच्या जाळीतून ते लालभडक कॅलिपर बघायला म्हातारी माणसे गुडघ्यांवर बसली. पुढच्या बैलाने बॉनेटवर शेपूट फिरवून तिला गोतात घेतले. आपण दाराला टेकून उभे होता, नवा फेटा बांधून. त्या क्षणी मला माझ्या सासऱ्याचा जो अभिमान वाटला, तो व्यक्त करण्यास गीर्वाणवाणीही तोकडी आहे.

दोन तक्रारी मात्र राहिल्या आहेत. त्या हळदीचे डाग मडगार्डवरून गेले नाहीत. आणि आपण माझी तोंडावर कधी स्तुती केली नाहीत, ते का? पाहुण्यांना तर सांगत होता म्हणे, "जावयाची गाडी बसकी हाय, पण मानाची हाय." मला सांगितले असते तर गुडघे आणखी दुखले असते का?

आज सकाळी गणपतकाका विचारायला आले, "गाडी येऊन राहिली ना उद्या? शेवटची जागा ठेवली हाय."

येणार, मामा. वचन देतो की कॅलिपर दरवर्षी रंगवीन, आतल्या बाजूनेही. हळदीच्या डागांना पॉलिश लावणार नाही. आता मंगलला हाक मारतो आणि आवतण मीच देतो, आपल्याच शब्दांत, मध्ये एकही संस्कृत शब्द येऊ न देता. तेवढ्यात आपणही ऐकत असाल, तर ते आपणासही आहे. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

बसक्या गाडीचा धनी,
आपला जावई
विनायक