चौथी पाकळी

सोमवार, ९ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार. नेहमी ‘साष्टांग’ लिहिते, आज लिहीत नाही. कालपासून तो शब्द हातून उतरत नाही. तुझा गुडघा कसा आहे, हे विचारायची सवय आहे म्हणून विचारते. माझं बरं आहे. खोलीला खिडकी एकच आहे, पण पाणी वेळेवर येतं.

आधी एक चूक दुरुस्त करते. गेल्या महिन्यातल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की मुलाखतीत माझ्यापुढे पाच मासे मांडले होते, मी पाचही बरोबर ओळखले आणि नोकरी मिळाली. पाच नाही, चार ओळखले. पाचव्याला मी ताजा म्हणाले. तो ताजा नव्हता, आणि म्हणताना मला ते माहीत होतं.

तू उत्तरात एकच ओळ पाठवलीस, ‘शाब्बास चिंगळी, घरचं नाव राखलंस.’ मला वाटलं, कौतुक करतेयस. ती ओळ मी आरशाच्या कडेला खोचून ठेवली होती. कशाचं कौतुक होतं, ते मला परवा कळलं.

तुला सगळं माहीत असेलच, तरी मी माझ्या बाजूने लिहिते. खोलीला पांढऱ्या फरशा होत्या, मधे स्टीलचं टेबल, भिंतीला गुंडाळलेला पाण्याचा पाइप. विक्रीचे साहेब टेबलापलीकडे उभे होते. ते आधी भिंतींचे रंग विकायचे. माशांतलं त्यांना जेमतेम कळतं, हे त्यांनीच हसत सांगितलं. कोपऱ्यात स्टुलावर एक वयस्कर गृहस्थ मांडीवर टोपी ठेवून बसले होते. मला वाटलं, ऑफिसातले असतील.

पहिले चार सोपे होते. बोटाने दाबलं, डोळा बघितला, वास घेतला. दोन त्याच सकाळचे, एक तीन दिवसांचा, एक बर्फातून काढून परत बर्फात घातलेला. पाचव्याचं कल्ल्याचं झाकण उचललं आणि माझा हात तिथेच थांबला. कल्ले लाल होते, पण झाकणही आतून लाल होतं, आणि झाकणाला आतून कधी रक्त लागत नाही. चार पाकळ्यांपैकी पहिल्या तीन लालभडक. चौथी तपकिरी.

‘सगळं लाल केलं की खोटं वाटतं. एक पाकळी तशीच सोडायची, म्हणजे बघणारा म्हणतो, माणूस प्रामाणिक आहे.’ हे वाक्य जगात दोनच माणसांना माहीत आहे, आत्या. दुसरा कुणी चोर असता तर त्याने चारही रंगवल्या असत्या. तू सोडलेली ती एक पाकळी म्हणजे तुझी सही होती.

मी म्हणाले, ‘हा ताजा आहे.’

‘डोळा बसलाय ना पण?’ कोपऱ्यातले गृहस्थ म्हणाले.

‘बर्फाच्या दाबाने बसतो कधीकधी.’ हेही तुझंच वाक्य. पाठ केलेल्या कवितेसारखं आलं.

गृहस्थांनी टोपी डोक्यावर घातली. ‘मग माझंच नाक म्हातारं झालं म्हणायचं,’ असं म्हणाले आणि हलकं वाटल्यासारखे उठून गेले. ते दवाखान्याच्या स्वयंपाकघरातले आचारी होते. तुझ्याकडून आलेल्या मालातला एक मासा त्यांना खटकला, म्हणून कागदात गुंडाळून ते आमच्या कंपनीत दाखवायला आले होते. साहेबांनी गंमत म्हणून तो माझ्यापुढच्या रांगेत ठेवला. तो शिळा ठरता तर दवाखान्याचं गिऱ्हाईक साहेबांना मिळणार होतं.

आणि नोकरी मला कशासाठी मिळाली, माहीत आहे? साहेब म्हणाले, ‘दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची आयती संधी होती तुम्हाला. ठेवली नाहीत. असा खरेपणा विक्रीत शिकवून येत नाही.’ आधीच्या अकरा ठिकाणी मला ‘कळवतो’ म्हणून परत पाठवलं होतं. (गेल्या पत्रात नऊ लिहिलं होतं. अकरा होती.) मी खाली मान घालून ‘थँक यू’ म्हणाले.

परवा, शनिवारी, फेरीवर असताना दवाखान्याचं स्वयंपाकघर माझ्या यादीत आलं. मागच्या दाराशी आचारी एकटेच बसले होते. त्यांच्या मागे शेगड्या पेटलेल्या होत्या, पण त्यांना आत जायची मनाई होती. आठ दिवसांपूर्वी एका वॉर्डातल्या नऊ जणांना मासा बाधला. आठ जण सावरले, एक आजी अजून सलाइनवर आहेत. आचाऱ्यांनी मासा बर्फाबाहेर ठेवून दिला असणार, असा ठपका त्यांच्यावर आहे. गुरुवारी अकरा वाजता चौकशी आहे, आणि तिथे काय ठरणार हे त्यांना आताच माहीत आहे. एकतीस वर्षं झाली त्यांना तिथे.

त्यांनी मला बाकावर जागा करून दिली. म्हणाले, ‘त्या दिवशी तुम्ही ताजा म्हणालात ना, तेव्हापासून मी नाकाचं ऐकायचंच सोडलं. मासेवाल्या बाईंनासुद्धा म्हटलं मी, मुलाखतीला आलेल्या पोरीने तुमचा मासा पास केला. ती माझ्याच हाताखालची, म्हणाल्या. किती हसल्या! आता हे माझ्याच हातून काहीतरी झालं असणार.’

मला एकदाही दोष दिला नाही. मग तपासणीसाठी बंद करून ठेवलेली पिशवी दाखवली. त्याच दिवशीच्या मालातला न शिजवलेला एक मासा, दाराशीच्या बर्फपेटीत. मी पारदर्शक पिशवीवरूनच कल्ल्याचं झाकण वर केलं. तीन पाकळ्या लाल होत्या आणि एक तपकिरी.

काल दुपारी मी तुझ्याकडे आले. तू पाइप धरून गाळ्याची फरशी धूत होतीस. जे बोलणं झालं ते मी खोलीवर येऊन लगेच लिहून काढलं, कारण उद्या तू म्हणशील, ‘असं मी बोललेच नाही.’

‘या, साहेबीण. जपून हं, बूट भिजतील तुमचे.’

‘आत्या, दवाखान्यातल्या नऊ जणांना बाधलंय.’

‘मग डॉक्टरला सांग. मी काय नाड्या बघते?’

‘मासा आपला होता.’

‘आपला?’ तू पाण्याची धार माझ्या पायांशी आणलीस. ‘मला सोडून त्यांची बॅग लटकवून हिंडतेस आणि मासा मात्र आपला?’

‘चौथी पाकळी मी बघितली.’

तेव्हा तू पाणी बंद केलंस. एवढ्या वर्षांत तुला भर धुण्यात पाणी बंद करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

‘कोण सांगणार त्यांना? तू? कोणत्या तोंडाने? ताजा म्हणणारी तू. कल्ले रंगवणारीही तू. माझी बोटं जातात का बघ आत,’ असं म्हणून तू दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरलेस. ‘आईबापांमागे कुणी पोसलं तुला? दुसऱ्या दिवशी हाकलतील त्या नोकरीतून. मग येशीलच शेपूट घालून. तेव्हा इथे दारात उभी करीन आणि गिऱ्हाइकांना दाखवीन, ही बघा खरेपणाची पुतळी.’

मी निघून आले. मला बोलायला तूच शिकवलंस. लिहायलाही तूच शिकवलंस. माशांच्या उलट्या पाटीवर बसून, बर्फाच्या पेटीच्या झाकणावर बोट ओलं करून अक्षरं काढायची. ती वाळायच्या आत वाचली नाहीत तर पुन्हा. शाळेत गेले तेव्हा बाईंना वाटलं, मूल फार घाईने वाचतं. हे मी विसरलेले नाही. तू मला पोसलंस, तापात उशाशी बसलीस, तुझ्या ताटातला मधला तुकडा मला दिलास. यातलं काहीही मी गुरुवारी नाकारणार नाही. पण त्याच्या बदल्यात तो आचारी देता येणार नाही.

हे पत्र मी सहाव्यांदा लिहिते आहे. आधीची पाचही फाडली, कारण पाचांतही मी लिहिलं होतं की कल्ल्यांचं काम तू करायचीस. तू नाही केलंस. काल तू म्हणालीस ते खरं आहे. रंगाचा बोळा मी धरायचे, सातव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत, कारण माझा हात लहान होता. ‘माशाला औषध लावतोय’ असं तू सांगायचीस आणि मी हळू हात चालवायचे, त्याला दुखू नये म्हणून. एवढं लिहून थांबले असते तर तुला माझी कीव आली असती, कुणालाही आली असती. पण नवव्या वर्षी मला कळलं होतं. मेलेल्याला औषध लागत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. पुढची तीन वर्षं मी कळून केलं, आणि तू ‘काय सफाई आहे पोरीच्या हाताला’ म्हणालीस की मला आनंद व्हायचा.

अजून एक राहिलं. मुलाखतीतल्या त्या माशाच्या कल्ल्यात रंग खोलवर पोचलाच नव्हता. तू आता बोळा काडीला बांधतेस, हे मी ओळखलं. आणि तुला वाचवायचं मनात यायच्या आधी माझ्या मनात काय आलं, सांगू? मी असते तर हे काम नीट झालं असतं. त्या विचाराची मला अजून लाज वाटते, तू केलंस त्याच्यापेक्षाही जास्त.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘जा ना, जरूर जा. फक्त आपल्या कंपनीचा बिल्ला लावून जा. गिऱ्हाईक आपलंच झालं समजा.’ त्यांचा चेहरा खुलला होता. मी तिथेच त्यांच्या पेनाने राजीनामा लिहिला. बुधवारी संध्याकाळी बिल्ला आणि बॅग परत करणार आहे. मी गुरुवारी काही विकायला जाणार नाही. तेव्हा मला कुणी हाकलेल ही तुझी आशा सोड, आणि मी दारात येऊन उभी राहीन ही पण. बारावं ठिकाण कसं मिळालं हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तेरावं सांगण्यासारखं मिळालं तरच हवं आहे.

तिथे काय सांगणार ते तुला आधी कळवते, पाठीमागून केलं असं व्हायला नको. तिघांची कामं तीन वाक्यांत सांगेन. रंगवायला तू लावलंस. रंगवायला मी शिकले, आणि ओळखूनही ताजा म्हणाले. आचाऱ्यांच्या नाकाने बरोबर सांगितलं होतं. पिशवीतला मासा उघडून चौथी पाकळी दाखवीन आणि ती का सोडतात तेही सांगेन.

तुला यायचं असेल तर ये. माझ्या आधी बोलायचं असेल तर मी दाराबाहेर थांबेन. तुझ्या तोंडून ते निघालं तर मला एक वाक्य कमी बोलावं लागेल. तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी तुझ्यासाठी बाकावर जागा ठेवीन, तेवढं मी तुझं देणं लागते.

हे पत्र उद्या पहाटे तुझ्या वजनकाट्याखालच्या डब्यात ठेवते, म्हणजे माल उतरायच्या आधी वाचशील. घाईने वाच, पेटीवरच्या अक्षरांसारखं. आणि यापुढे मला चिंगळी म्हणू नकोस.

तुझ्या हाताखाली शिकलेली,
तुझी भाची

चौकशी: गुरुवार, १२ मार्च. सकाळी अकरा.