व्हर्जिलचं खोकं

शुक्रवार, ९ जून

व्हर्जिलचं खोकं दिलं एकदाचं! रविवारच्या नेमबाजीची काडतुसं. दुपारभर बसून भरली. गोळ्या माझ्या हातच्या — गाड्यांच्या चाकांची जुनी वजनं वितळवून, शिसं साच्यात ओतून, वर पिवळं मेण चोळून. दुकानातल्या गोळ्यांत काय दम आहे!

व्हर्जिल माझा मेहुणा, हॅटीचा भाऊ. हॅटी गेली तेव्हापासून तो माझीच काडतुसं मारतो. क्लबात सगळ्यांना सांगत सुटतो, फेरिसच्या हाताला तोड नाही म्हणून. बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

यंदा मी जात नाही. गुडघा अजून नीट वाकत नाही.

शनिवार, १० जून

सिंक गळतंय. उद्या बघू.

रविवार, ११ जून, सकाळ

सिंकखाली बघायला टॉर्च शोधला. पिकअपमध्ये निघाला. आठवडाभर तिथेच पडून होता.

मग शुक्रवारी मी काडतुसांच्या पुंगळ्यांत डोकावलो कशाने?

डोकावलोच नाही! दारू घातली की गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून बघायचं — क्लबात नव्या लोकांना हे मीच ओरडून सांगतो. परवा मधेच मिसूलाहून मुलीचा फोन आला. बोलून परत बसलो आणि पुढे भरत सुटलो. कुठल्या पुंगळीपासून, आठवत नाही. आम्ही दारू घालतो चिमूटभर. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरत नाही, ओतताना लक्षातही येत नाही. आणि तसलं एक उडालं तर रायफल तोंडापाशीच फुटते.

व्हर्जिल डोंगरात तंबू ठोकून बसलाय. तिथे फोन लागत नाही. गुडघा गेला खड्ड्यात. निघतो.

रविवार, संध्याकाळ

आलो परत.

पोचलो तेव्हा व्हर्जिल मेंढ्यांवर आला होता — लोखंडी मेंढे, सगळ्यांत लांबची निशाणं. मी बोंबललो. कानात बोळे घातलेला माणूस, ऐकणार काय! त्याने चाप ओढला, बार झाला. मेंढा आडवा. आणि व्हर्जिल शाबूत! डोळे जागेवर, बोटं जागेवर. मी तिथेच गवतात बसलो आणि रडलो. लोकांना वाटलं गुडघा दुखतोय. वाटू दे.

सगळं सांगितलं तसा त्याचा चेहरा पडला. उरलेली काडतुसं परत दे म्हटलं तर आढेवेढे — राहू दे, मी बघतो, तू घरी जा. अरे, माझी चूक आणि तू काय बघणार? हिसकावून आणली.

सोमवार, १२ जून

काडतुसं तोलून बघितली, पण वजनावरून काही कळत नाही. घरच्या गोळ्या, एक जड तर एक हलकी. म्हणून एकेक काडतूस फोडायला घेतलं.

पहिल्याच गोळीवर निळं मेण. दुसरीवरही निळंच.

माझी नाहीतच ही! दुकानातली! खोकं तेवढं माझं.

व्हर्जिलला फोन लावला. म्हणाला, "तुझ्या गोळ्यांचं शिसं नळीला चिकटतं, फेरिस. मेंढा राहिला बाजूला, डोंगरसुद्धा चुकतो. पण हॅटीनंतर तू हसायचास ते फक्त मला खोकं देताना. कसं सांगणार होतो?"

माझी सगळी काडतुसं त्याच्या तळघरात आहेत. चार वर्षांची. एकही उडवलेलं नाही म्हणे.

मी फोन आपटला.

मंगळवार, १३ जून

व्हर्जिल मी शुक्रवारी भरलेला माल घेऊन आला, सोबत एल्कचं सॉसेज. दोघांनी बसून सगळी काडतुसं फोडली. एकात दारू दुप्पट निघाली.

चार वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलला मेला. राग यायला हवा. येतच नाहीये.