दादाची वाटी

रविवार, संध्याकाळ. करंजाडे.

दादाला जाऊन आज अकरा दिवस. त्याचे गाडीवाले मित्र भेटायला आले. वहिनीसमोर पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि मग थेट गॅरेजमध्ये. दादाची लाल स्पोर्ट्स कार लिफ्टवर त्याने ठेवली तशीच उभी होती.

एक जण म्हणाला, "चार खांबांची लिफ्ट घ्यायला हवी होती त्याने. पण पिकअप काय रे! सिग्नल सुटला की बाकीचे आरशात."

हसले. या घरात, आज हसले. एकाने चहाचा कप ठेवला तो फळीवर, दादाच्या स्टीलच्या वाटीला खेटून.

मग त्यांच्यातल्या महेशने बटण दाबून गाडी खाली घेतली आणि आत बसून किल्ली लावली. "एकदा आवाज ऐकू. दादासाठी."

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. स्मशानातही माझा आवाज फुटला नव्हता.

"अरे, टेन्शन काय घेतोस?"

मी वाटी त्याच्या नाकासमोर धरली. आत इंजिनच्या ऑइल चेंबरचा तळाचा बोल्ट. त्या दिवशी दादाने जुनं ऑइल काढलं आणि नवीन भरायच्या आधीच छातीत कळ आली. बोल्ट वाटीत असेपर्यंत किल्लीला हात नाही, हा त्याचा नियम. ऑइलशिवाय इंजिन जागीच जाम झालं असतं. एवढे जाणकार, गाडी वर असताना एकालाही खालून बघावंसं वाटलं नाही?

वाटी वहिनीची. आमटीची वाटी परत द्या म्हणून दादाशी कितीदा भांडायची. मित्र निघून गेल्यावर तिने ती उचलली, बोल्ट पाहिला, परत फळीवर ठेवली.

"भावजी, ऑइल तुम्हीच भरा. त्यांना नका बोलावू."