उदास म्हण, उदासीन नाही

सर, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून निवांत बसून चिडते आहे. शुद्धलेखनाच्या एकदोन चुका मुद्दाम राहू दिल्या आहेत. तुम्ही त्या दुरुस्त करत बसाल आणि मजकुराकडं लक्ष द्यायची वेळ यायची नाही. तुमची जुनी सवय.

आधी मी काय करते ते सांगते. संस्कृतात एम.ए. होऊन नांदेडात काही वर्षं विभक्त्या शिकवल्या. मग पोरांनी संस्कृत सोडलं, शाळेनं मला सोडलं, आणि मी मानसशास्त्र शिकून लातूरच्या एका क्लासमध्ये समुपदेशक झाले. सम्, उप आणि दिश्. दोन-दोन उपसर्ग लावूनही धातू बोट दाखवण्याचाच, म्हणून मी आपलं बोट आवरून ऐकत बसते. डॉक्टर व्हायला आलेली सतरा-अठराची पोरं दुपारच्या जेवणाच्या वेळी माझ्या खोलीत येतात, कारण तेव्हा बघायला कोणी नसतं. कामावर घेताना संचालक म्हणाले होते, "म्याडम, पोरं टिकली पाहिजेत." मला वाटलं, जिवंत. त्यांना म्हणायचं होतं, बॅचमध्ये.

धर्माबादची एक मुलगी आहे. बाप तिथल्या मिरचीच्या आडतीवर कामाला. पहिल्यांदा परीक्षेत नंबर लागला नाही म्हणून यंदा पुन्हा बसली होती, रिपीटरच्या बॅचमध्ये. मेसचं ताट तसंच परत करायची, रात्र जागून काढायची, आणि विचारलं की म्हणायची, "काही न्हाई म्याडम, अशीच." मी ऑफिसातल्या क्लार्कला सांगितलं, मुलगी उदास आहे, वडिलांना बोलावून घ्या. त्यानं मेसेज धाडला तो असा: 'आपला पाल्य अभ्यासाबाबत उदासीन आहे. कृपया समज द्यावी.' मी जाऊन भांडले तर म्हणतो कसा, "तुम्ही संस्कृतवाल्या, म्याडम. नुसतं उदास लई गावठी वाटलं, म्हणून शुद्ध करून टाकलं." बापानं त्या रात्री फोनवर समज दिली. तुला कशाचंच काही पडलं न्हाई का, म्हणाला. त्यानंतर पोरीनं माझ्याकडं येणंही बंद केलं.

तुम्हाला हसू आलं असेल. मलाही आलं असतं, पण मला तुमचं बिलोलीचं स्वयंपाकघर आठवलं. मी तेव्हा दहावीत. सकाळी उठवत नाही, पुस्तकातली अक्षरं दिसतात पण आत जात नाहीत, आणि घरात कोणाला सांगायची सोय नाही. गावात मला एकच माणूस शहाणा वाटत होता, शाळेतले आमचे संस्कृतचे सर, म्हणून तुमच्या दारात येऊन उभी राहिले. तुम्ही पाटावर बसलेले आहात, काकू चुलीपुढं भाकरी थापतायत. मी घाबरून, तुमच्यापुढं बोलायचं म्हणून शोधून शोधून मोठा शब्द आणते: "सर, मी फार उदासीन झालेय." तुमचा घास हातातच थांबतो. माझ्या जिवाला वाटतं, ऐकलं यांनी. आणि तुम्ही म्हणता, "उदास म्हण. उदासीन नाही." मग आस् म्हणजे बसणे हा धातू, त्याला शानच् प्रत्यय, उद् म्हणजे वर, उदासीन म्हणजे वर, बाजूला बसलेला, ज्याला कोणाचं काही पडलेलं नाही असा. ताटातली भाकरी गार होईतो तुम्ही समजावत होता, आणि काय सुरेख समजावत होता! काकूच शेवटी म्हणाल्या, "अहो, पोरगी काय सांगून राहिली ते तर ऐका." तुम्ही म्हणालात, "तेच तर ऐकलं." आणि मी निघताना मला तुमचा जुना शब्दकोश दिलात. शब्द नेमका पाहिजे म्हणून.

नेमका शब्द सांगू? त्या स्वयंपाकघरात उदासीन एकच जण होता, आणि तो पाटावर बसला होता. पुढं मी कशी तरले ते निराळं. त्यात तुमचा वाटा नाही.

परवा बाप आला. मीच फोन करून बोलावला होता. तो संचालकांच्या खोलीत बसला, आणि मुलगी माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी. म्हणाली, "तिकडं आत येऊन काय करू? सांगून काय होतंय, म्याडम? तुम्ही कधी कोणाला सांगितलं का?" मी म्हटलं, हो, आमच्या सरांना. "मंग?" मी म्हटलं, "त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला, बस म्हणाले, आणि सगळं ऐकून घेतलं." तिनं भिंतीचा टेका सोडला. मग म्हणाली, चला.

आत बापानं मला विचारलं, "उदासीन म्हंजे काय वो, म्याडम?" मी सांगितलं, ज्याला कशाचंच काही पडलेलं नाही तो. "आन् उदास?" मी म्हटलं, हिला लई पडलंय. इतकं, की घास उतरत नाही. तो म्हणाला, "मंग मी तर उलटंच बोललो की पोरीला." संचालक म्हणाले, परीक्षा तोंडावर आहे, आता नेली तर वर्ष गेलं, बघा बुवा. बाप तिच्याकडं बघायला लागला, एकदा संचालकांकडं, एकदा माझ्याकडं. तेव्हा ती बोलली. "बाबा, मी हितं राहिले तर जिवाचं काहीतरी करून घेईन असं वाटून राहिलंय." बाप उठला. "चल. ब्याग घे," एवढंच म्हणाला.

नांदेडच्या मानसोपचार डॉक्टरांचा पत्ता मी दिला होता. "येडी हाय का माझी लेक?" असं बाप आधी म्हणालाच, पण काल घेऊन गेला. संचालक माझ्याशी बोलत नाहीत. आणि तो मेसेज क्लार्कनं संगणकात जसाच्या तसा ठेवलाय. आणखी कुणाकुणाच्या बापांना जाईल. पुढच्याच्या वेळी मी तिथं असेन की नाही, माहीत नाही.

आज मुलीचा फोन आला होता. गोळ्यांनी झोप लागून राहिली म्हणे. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "म्याडम, तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा." तो पोचवावा म्हणून हा कागद घेतला होता. पण पोचवत नाही. तुम्ही कमावलेला नाही तो. माझ्याकडंच ठेवून घेतलाय. फक्त एक आहे, सर. मी तिला ते खोटं सांगत होते तेव्हा तुम्ही खरंच हात धुताना दिसलात, आणि मला घटकाभर फार बरं वाटलं.