गोठ्यातल्या दगडाला शेंदूर

हैदराबाद, सोमवार, सांज

गारगोटीच होती तर मंग दादानं तिला शेंदूर कशापायी लावला? दिवाळीला घरी गेल्तो तवा गोठ्यात खुंटा रोवताना मीच तो दगड काढला. पहार लागून टवका उडाला आन् आत खडीसाखरेवानी चकाकलं. दादा म्हणला, "गारगोटी हाय येड्या, दे फेकून." मी टवका तेवढा खिशात घातला.

आज गावचा नामदेव परतूरहून गाडीनं इथं आल्ता. म्हणतो, "लेका, तुमच्या गोठ्यात देव निघाला! वहिनी रोज दिवा लावती." बराबर! शेंदूर लागल्यावर आता कोण फोडणार, आन् आत काय हाय ते मला कोण दाखवणार? दादाचं डोकं असंच चालतं.

टवका घेऊन तडक नगिने घासणाऱ्या चाचाकडं गेलो. चाकावर धरून म्हणले, "कांच जैसा पत्थर है मियाँ, चार आने बी नै आते इसके." मंग हळूच, "बाकी का किधर है?" फुकटच्या दगडाचं कोण इचारतं? दादा आन् चाचा, दोघंबी खोटं बोलून राह्यले. का दोघंबी खरं?

खिडकीत टवका धरून बघून राह्यलो. चकाकतो तर खरा.

देवाला ओटा बांधायचा म्हणून दादानं नामदेवासंगं निरोप धाडून माझ्याकडं पाच रुपये मागितलेत. बिलकुल देणार नव्हतो. पण टवका माझ्याच पहारीनं उडाला. खरंच देव असला तर?

उद्या नामदेव गावी परततो, त्याच्यासंगं पाच धाडतो. न्हाई, सव्वापाच.