बाबांचा जबडा

बाई, माझ्या बाबांनी तुमच्या थोबाडीत मारली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. गिरण्यांच्या संपाचं साल. मुंबईला गालाचा कॅन्सर काढून, विजेचा शेक घेऊन आम्ही त्यांना रत्नागिरीला परत आणलं होतं आणि जबडा असा आखडला होता की दातांमधून चमचासुद्धा आडवा करूनच घालावा लागायचा. दवाखान्यात असल्या पेशंटना तुम्ही व्यायाम शिकवायचात. आइसफ्रूटच्या उकळलेल्या काड्या एकावर एक रचून तुम्ही त्यांच्या दाढांमध्ये सरकवल्यात, वर आणखी एक दाबलीत, आणि त्यांचा हात फाडकन बसला. चष्मा खाली पडला. तो उचलून, पदराला पुसून तुम्ही डोळ्यांवर चढवलात. "हात बरा चालतोय हो तुमचा. आता तोंड चालवूया." मग माझ्याकडे वळलात. "घरी हे तुला करायचंय गो. रोज करायचं, तीन-चार दिवसांनी एक काडी वाढवायची. रक्त आलं तरी घाबरायचं नाय. तुला दया आली ना, तर जबडा कायमचा मिटेल नि बापूस उपाशी मरेल."

घरी रोज मारामारी. आयुष्यभर एसटी चालवलेले हात आजारपणातही दणकट होते. आई पाय धरून बसते, ज्या पायांच्या लाथा तिने वीस वर्षं खाल्ल्या तेच पाय. मी त्यांच्या छातीवर गुडघा रोवते आणि काडी आत लोटते. ते गुरासारखे हंबरतात, हिरडीतून रक्त उशीवर सांडतं. शेजारीण दारातून विचारते, "बापाशीला मारतेस काय गो?" एकदा त्यांनी माझं मनगट पिरगळलं ते सुजून टम्म झालं. रडत तुमच्याकडे आले, तर पट्टी बांधता बांधता म्हणालात, "दुसऱ्या हाताने कर." तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता.

दीड महिन्याने बाबांच्या तोंडात तुमची तीन बोटं उभी गेली. म्हणजे आता ते जेवणार, जगणार. मी तिथेच भिंतीला टेकून हमसून रडले. तुम्ही मला जवळ घेतलंत आणि बाकीच्या पेशंटच्या माणसांना म्हणालात, "बघा ही पोर. मायेने केलंन हो. मायेशिवाय असलं जमत नाय." पुढे कितीतरी जणांना तुम्ही माझं उदाहरण दिलंत. बाबा आणखी सहा वर्षं बांगड्याच्या कालवणाशी भात जेवले.

तुम्ही हयात असताना हे सांगायला मी दोनदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत आले आणि परत फिरले. आता पत्र टाकायला पत्ताच नाही, म्हणून लिहवतंय. माया नव्हती, बाई. तुम्ही एक काडी सांगितलीत, मी दोन घालायचे. ते किंचाळले की मला बरं वाटायचं. आणि त्या दिवशी भिंतीला टेकून रडले, ती उद्यापासून हे बंद होणार म्हणून.